जुनी फायबर बोट घेताय? आधी मागच्या भिंतीच्या तळाला ड्रिल मारा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत जुन्या फायबर बोटीला पॉलिश मारताना दाखवलं आणि खाली सगळे एकच विचारुलालेत, "दादा, गोव्याकडं जुनी बोट मिळतेय, वरून चांगली दिसते, घेऊ का?" कोण हिडकल डॅमकडचे, कोण चिकोडी-अथणीच्या कृष्णाकाठचे. २०१९ च्या पुरानंतर गावात एखादी बोट पाहिजेच असं नदीकाठच्या बऱ्याच लोकांना वाटतंय, आणि बरोबरच आहे ते. पण "वरून चांगली दिसते" एवढ्यावर पैसे देऊ नका की ओ. फायबर कुजत नाही, त्याच्या आतलं लाकूड कुजतं, आणि ते वरून दिसतच नाही.

लाकूड कुठं असतं ते पटकन सांगतो. बहुतेक जुन्या बोटीत मागची भिंत, जिच्यावर मोटार लटकते, तिला ट्रान्सम म्हणतात, तिच्या पोटात प्लाय. तळाला लांबीत गेलेले दांडे, ते स्ट्रिंगर. आणि आपण उभं राहतो तो डेक. स्क्रूची भोकं, मोटारीचे बोल्ट, तळाचं बूच, इथून पाणी आत शिरतं आणि फायबरच्या दोन थरांत अडकतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरायला लागते. झालं बेसिक.

आता टकटक. मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. प्लास्टिकचा हातोडा किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्यायची आणि वीतभर अंतरानं ठोकत जायचं. ठणठणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर तिथं खडूनं खूण करा. मोटार लावलेली असेल तर थोडी तिरकी करून तिचा खालचा भाग धरून वर-खाली दाबा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समकडं बघत उभं करा. भिंत जराही लवली, कोपऱ्यात चिरा दिसल्या, बोल्टचे वॉशर आत रुतलेले दिसले, तर समजायचं. पण आवाजावर निकाल देऊ नका. फायबरचा थर जाड असला तर आत कुजलेलं असूनही आवाज चांगला येतो. आवाज फक्त ड्रिल कुठं मारायचं ते सांगतो.

आणि ड्रिल कुठं मारायचं, यावरच मला आज बोलायचंय. खाली. ट्रान्समच्या अगदी तळाला, बुचाच्या आजूबाजूला, तळापासून दोन-तीन बोटं वर. बोटीच्या आतल्या बाजूनं मारायचं, बाहेरून नाही, बाहेरचं भोक पाण्याखाली जातं. ५ मिमीचा बिट, त्याला २५ मिमीवर टेप गुंडाळा म्हणजे आरपार जाणार नाही. मास्क आणि गॉगल लावा, फायबरची धूळ लई वाईट. मग भुसा बघा. पांढरट-पिवळा, कोरडा, लाकडाचा वास असलेला भुसा आला तर प्लाय चांगला. काळपट, ओला, बिटला चिकटणारा, कुबट वासाचा आला, किंवा फायबर संपल्यावर बिट लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर लाकूड गेलं.

एका भावानं कमेंट केली की त्यानं ड्रिल मारलं, भुसा एकदम कोरडा, बोट घेतली. फोटो टाकला होता म्हणून कळलं, भोक ट्रान्समच्या वरच्या कडेला! अरे भावा, पाणी वर थांबतं काय? वरून शिरतं आणि खाली जाऊन बसतं. वरचा प्लाय बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी कुजतो.

विकणारे तर वरचीच कड दाखवतात. निपाणीकडचे एक काका आमच्या शेडला बोट घेऊन आले होते, नवा रंग, नवा डेक. विकणाऱ्यानं त्यांना वरची पट्टी काढून पिवळा प्लाय दाखवलेला, काका खूश. आम्ही बुचाजवळ बिट घातला आणि बिटाबरोबर काळं पाणीच ओघळत आलं. काका काही बोललेच नाहीत. माणसाचे कष्टाचे पैसे असतात हो, म्हणून मी हे परत परत सांगतोय. खाली मारा. स्ट्रिंगरलाही तसंच, मागच्या टोकाला, जिथं पाणी साचतं तिथं.

मॉइश्चर मीटरचं पण विचारलंय. मीटर ओल मोजतो, कुज मोजत नाही. खानापूर-जांबोटीच्या पावसात उघड्यावर राहिलेली बोट जुलैत ओलीच दाखवणार. आणि तीच बोट मे महिन्यात उन्हात सुकली की आकडा कमी येईल, पण कुजलेला प्लाय आत कुजलेलाच राहतो. मीटर आवडत असेल तर वापरा, पण भुशाला पर्याय नाही.

"भोकातून पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) ओतली तर चालेल काय?" नाही. ओल्या लाकडात ती मुरत नाही, आणि कुजलेल्या प्लायची ताकद परत येत नाही. मोटारीचं वजन आणि धक्का त्याच भिंतीवर आहे. कुजलेलं काढून नवा मरीन प्लाय घालायचा, आणि तो खर्च बोटीच्या किमतीत आधीच धरायचा.

भुसा कोरडा आला असेल तर भोक त्याच दिवशी घट्ट एपॉक्सीनं बुजवा, नाहीतर तेच पाण्याचं नवं दार. पाणी आलं असेल तर बुजवू नका, बोट सावलीत उताराला लावा आणि निथळू द्या. भुशाचा फोटो कमेंटमध्ये टाका, पण भोक कुठं मारलं तेही फोटोत दिसू द्या.