देठ मोडून पाहा

मंडळी, मेपल म्हटलं की आपण पानाच्या आकाराकडे बघतो. टोरांटोच्या रस्त्यांवर नेमकी तिथेच फसगत होते. इथला मूळचा शुगर मेपल आणि युरोपातून आलेला नॉर्वे मेपल यांची पानं दुरून अगदी सारखी दिसतात. नॉर्वेचं पान जरा जास्त पसरट असतं, एवढंच. रेड मेपलच्या कडा दातेरी आणि सिल्व्हरच्या खाचा खूप खोल, त्यामुळे ते दोघे लवकर ओळखू येतात.

आधी झाड मेपलचंच आहे ना, ते बघा. मेपलची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीनं येतात. काश्मीरच्या चिनाराचं पान कितीही मेपलसारखं दिसलं, तरी ती पानं एकाआड एक असतात.

आता देठ. हिरवं पान फांदीपासून तोडा आणि देठाचं टोक दाबा. रुईचं पान तोडल्यावर येतो तसा पांढरा चीक आला, तर नॉर्वे. पाण्यासारखा रस आला, तर शुगर. हेज मेपललाही चीक येतो, पण त्याची पानं लहान आणि बोथट टोकांची. पानं सुकायला लागली की चिकावर भिस्त ठेवू नका. तेव्हा बिया बघा. नॉर्वेचे दोन पंख जवळजवळ सरळ रेषेत आडवे पसरलेले, शुगरचे घोड्याच्या नालेसारखे खाली वळलेले. हिवाळ्यात तर कळ्याच सांगतात: शुगरची तपकिरी, बारीक, टोकदार, नॉर्वेची गुबगुबीत, हिरवट-लालसर.

एवढा खटाटोप कशासाठी? वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बार्ट्रम यांनी 1756 मध्ये फिलाडेल्फियात नॉर्वे मेपल आणला. पुढे रोगानं रस्त्याकडेची एल्मची झाडं गेली आणि त्यांच्या जागी शहरांनी रस्तोरस्ती हाच लावला, कारण धूर, मीठ, कठीण माती, सगळं तो सोसतो. पण त्याचं बी वाऱ्यानं रानात शिरतं. त्याची सावली इतकी दाट, की खाली रानफुलं आणि इथल्या झाडांची रोपं तग धरत नाहीत. ज्याच्या साधारण 40 लिटर रसातून 1 लिटर पाक मिळतो, त्या शुगर मेपलची जागा तो घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॅनडाच्या 2012 च्या वीस डॉलरच्या नोटेवरचं पान नॉर्वे मेपलचं आहे, असा आक्षेप वनस्पतिशास्त्रज्ञांनी घेतला होता. ते कलात्मक चित्र आहे, असं नोटा काढणाऱ्या बँक ऑफ कॅनडानं सांगितलं. नोट हातात आली की तुम्हीच ताडून बघा.

आणि अंगणात मेपलचं रोप आपोआप उगवलं, तर पाणी घालण्याआधी एक पान तोडा. चीक दिसला, तर रोप वीतभर असतानाच मुळासकट उपटा. त्या वयात ते सहज निघतं.