फाडलेलं कूपन, न फाडलेलं कूपन

(दृश्य: कोल्हापूर, राजारामपुरीतली मेस, दुपारी एक. तव्यावर चपाती फुगते. पांढऱ्या रश्श्याची वाफ. काउंटरवरचा हात कूपन फाडतो.)

निवेदन: 60 कूपनांचं पुस्तक. महिन्याचे पैसे 1 तारखेला आगाऊ. पोरगं ताटावर बसलं की मावशी एक कूपन फाडतात आणि स्टीलच्या डब्यात टाकतात. पोरं गडहिंग्लजची, चंदगडची, गारगोटीची. परीक्षा संपवून गावी निघाली की उरलेली कूपनं पुढं करतात आणि पैसे परत मागतात. मावशी कुरकुरतात, पण देतात.

(मावशी, कॅमेऱ्याकडं न बघता, पीठ मळत: "पैसं हातात आलं म्हणून माझं झालं व्हय? पोरगं जेवलं की माझं.")

निवेदन: हातात आलेला हप्ता म्हणजे कमाई नव्हे. आरोग्य विमा कंपनीच्या वार्षिक अहवालात मावशींचं हेच वाक्य पानभर टिपांमध्ये लिहिलेलं असतं.

(दृश्य: मंगळवार पेठ. दिवाणावर प्लॅस्टिकची पिशवी उघडते. जुन्या पावत्या, क्ष-किरण फिल्म, रेशनकार्डाची झेरॉक्स. एक पावती बाहेर येते. बोट रकमेवर थांबतं.)

निवेदन: बाई निवृत्त शिक्षिका. पावती 1 जानेवारी 2025 ची. नाव आणि पॉलिसी नंबर आम्ही झाकलाय, आणि हिशेब तोंडी करता यावा म्हणून रक्कमही गोल करून घेतलीय. हप्ता 36,500 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 6,570. बाईंनी भरले 43,070. यातले 6,570 सरकारचे. कंपनी ते फक्त पोचवते, उत्पन्नात धरत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा हा कर गेला. ग्रुप पॉलिसी त्यातून वगळली.

उरले 36,500. विमा कायदा 1938 चा. त्याचं कलम 64-व्हीबी सांगतं की आधी हप्ता, मग जोखीम. उधारीवर विमा नाही. मावशींचाही नियम तोच.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाच्या हिशेबाच्या खुणा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. 31 भोवती पेनानं केलेला गोल.)

निवेदन: 36,500 रुपये, 365 दिवस. रोजचे 100. कंपनीचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. 1 जानेवारीपासून तोवर 90 दिवस झाले, म्हणजे 90 कूपनं फाडली. कमाई 9,000. उरलेले 27,500 बँकेत पडलेले असले तरी कंपनीचे नव्हेत. ते ताळेबंदात देणी म्हणून दाखवायचे. त्याला म्हणतात अनअर्न्ड प्रीमियम रिझर्व्ह. लेखा विभागात कुणी एवढं लांबण लावत नाही, नुसतं यूपीआर म्हणतात. दिवसावर मोजायच्या या पद्धतीला म्हणतात एकछेद तीनशे पासष्ट.

एजंटाचं कमिशन मात्र दिवसांवर वाटत नाहीत. ते पहिल्या झटक्यात खर्ची पडतं. 15 टक्के धरू, 5,475 होतात. कमाई 9,000, त्यातून हे गेले, राहिले 3,525. अजून हॉस्पिटलचं एकही बिल आलेलं नाही, ऑफिसचं भाडं, पगार निघालेले नाहीत. जानेवारी ते मार्चमध्ये कंपनीनं धडाक्यानं पॉलिसी विकल्या, तर त्या विक्रीमुळंच मार्चअखेरीला तिचा तोटा वाढलेला दिसतो. दरवाढीच्या पत्रात तोट्याचा दाखला असतो. तो तोटा कुठल्या ओळीतला, ते पत्रात नसतं.

(दृश्य: एजंटाचं घर. गोदरेजचं कपाट, फायलींचे गठ्ठे, रबरबँड तुटतो. तीन वर्षांच्या पॉलिसीचं माहितीपत्रक.)

निवेदन: तीन वर्षांची पॉलिसी एकदम घेतली की सूट मिळते. 90,000 एकरकमी. पूर्वी हे सगळे 90,000 त्याच वर्षीच्या विक्रीत लागायचे आणि वाढीचा आकडा फुगायचा. 1 ऑक्टोबर 2024 पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ते बंद केलं. जितकी वर्षं तितके भाग. पहिल्या वर्षी विक्रीत 30,000, बाकीचे 60,000 आगाऊ हप्ता म्हणून वेगळे. कंपन्यांचे वाढीचे आकडे त्या वर्षी खाली आले, धंदा तेवढाच असून.

(दृश्य: शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, रात्रपाळी. भट्टी कलते. लाल लोखंड लॅडलमध्ये, लॅडलमधून साच्यात. ठिणग्या. सात सेकंद नुसता आवाज.)

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, सकाळ. टेम्पोतून कास्टिंग उतरतात. लेथ फिरतो. पत्र्याच्या शेडमागं शेड.)

निवेदन: कोल्हापूरला रीइन्शुरन्स, म्हणजे पुनर्विमा, विमा कंपनीनं आपल्याच जोखमीचा काढलेला विमा, शिकवायला पुस्तक लागू नये. फाउंड्रीवाला हजार नगांची ऑर्डर घेतो. ओतकाम त्याचं, मशिनिंगसाठी माल येतो उद्यमनगरात. एका शेडमध्ये बोअरिंग, पलीकडच्या शेडमध्ये ड्रिलिंग. बिल पुण्याच्या गिऱ्हाइकाला फाउंड्रीच्याच नावानं, पूर्ण रकमेचं. त्यातून जॉबवर्कचे पैसे वजा. आणि एखाद्या शेडवाल्यानं बोअर वाकडा मारला, माल रिजेक्ट झाला, तर गिऱ्हाईक कुणाला धरतं? फाउंड्रीवाल्याला. "त्या शेडवाल्याकडं जावा" असं सांगायची सोय नाही.

(शेडमधला कारागीर, लेथ बंद करून, हात पुसत: "आमचं नाव कुठंच नसतंय ओ. माल आमच्या हातनं जातोय, बिलावर नाव त्यांचं.")

निवेदन: पुनर्विमा असाच. बाईंची पॉलिसी ज्या कंपनीची, दावा द्यायची जबाबदारी तिचीच. मागं कुणी किती वाटा उचललाय, बाईंना कळतही नाही आणि कळायची गरजही नाही. मागच्या कंपनीनं पैसे थकवले तरी बाईंचं बिल थकवता येत नाही.

पण एक वाटा ठरलेलाच आहे, ऐच्छिक नाही. प्रत्येक पॉलिसीतला ठराविक टक्का जीआयसी री या सरकारी कंपनीकडं द्यावा लागतो. मुंबईत चर्चगेटला मुख्यालय, 1972 ची स्थापना. हा टक्का एकेकाळी 20 होता, मग उतरत उतरत 5 वर आला, आणि 2022-23 पासून 4.

(दृश्य: बाईंची पावती पुन्हा. पावतीवर आकडे उमटतात.)

निवेदन: तेव्हा मघाशी रोजचे 100 म्हणालो ते दुरुस्त करू. 36,500 चे 4 टक्के, 1,460, जीआयसी रीकडं गेले. राहिले 35,040. म्हणजे रोजचे 96. 31 मार्चपर्यंत कमाई 8,640, आणि 26,400 शिल्लक. दावा आला की त्यातलाही 4 टक्के वाटा तिकडून येतो. 5 लाखांच्या बिलात 20,000.

इथं उद्यमनगरचा दाखला संपतो, कारण शेडवाला फाउंड्रीला कमिशन देत नाही. पुनर्विमावाला देतो. पॉलिसी विकायचा खर्च मूळ कंपनीनं केलेला, त्याची भरपाई म्हणून. ही रक्कम कंपनी आपल्या कमिशन खर्चातून वजा दाखवते. जास्त हप्ता पुनर्विमावाल्याकडं सरकवला की कमिशनचा निव्वळ खर्च कागदावर हलका दिसतो.

सक्तीच्या वाट्याशिवाय करार असतात. कोटा शेअर म्हणजे हिश्शाचं काम, हप्त्यातले इतके टक्के तुला, दाव्यातलेही तितकेच. दुसरा एक्सेस ऑफ लॉस. अमुक रकमेपर्यंतचं नुकसान मी सोसतो, त्यावरचं तू बघ. लहान कंपनी, हातात भांडवल कमी, तर ती पहिल्याकडं झुकते. नियामक सॉल्व्हन्सी गुणोत्तर, म्हणजे लागणाऱ्या भांडवलाच्या किती पट भांडवल हातात आहे ते, किमान दीड मागतो, आणि निव्वळ हप्ता कमी झाला की मागितलेलं भांडवलही कमी होतं. सगळा हिस्सा पुनर्विमावाल्याकडं सरकवून पोकळ राहायचं म्हटलं तर नियामकाच्या मर्यादा आड येतात.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. कंपनीच्या संकेतस्थळावरची सार्वजनिक माहिती. पानं सरकतात. कर्सर एका ओळीवर.)

निवेदन: हे कुठं बघायचं? प्रत्येक विमा कंपनी दर तिमाहीला सार्वजनिक प्रकटन टाकते. फॉर्म एनएल-4 हप्त्याचा, एनएल-5 दाव्यांचा, एनएल-6 कमिशनचा. एनएल-4 मध्ये वरून खाली या. थेट विक्रीचा ढोबळ हप्ता. त्यात दुसऱ्यांकडून घेतलेला पुनर्विमा मिळवा. पुढं दिलेला पुनर्विमा वजा करा. आला निव्वळ हप्ता. मग यूपीआरमधला फरक. तळाला निव्वळ कमावलेला हप्ता.

जाहिरातीत पहिली ओळ छापतात. दाव्यांचं प्रमाण काढताना भागाकार शेवटच्या ओळीनं होतो. एजंट, कंपनी, वर्तमानपत्र, कुणीही टक्का सांगितला की कुठल्या ओळीनं भागलं एवढं विचारायचं. आम्ही शूटिंगच्या काळात चार एजंटांना विचारलं. एकानं नीट उत्तर दिलं, ते वाणिज्य शाखेचे निवृत्त प्राध्यापक निघाले.

दाव्यांच्या बाजूलाही अंदाज असतो. 28 मार्चला कुणी दाखल झालं, कागद एप्रिलमध्ये आले, तरी तो खर्च मार्चचा. त्याची तरतूद ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचा गणिती, करतो; आयबीएनआर म्हणतात तिला, म्हणजे खर्च घडलाय पण कंपनीला अजून कळलेला नाही.

(दृश्य: सीपीआर रुग्णालयाचा आवार. झाडाखाली पसरलेली चटई, डबा, थर्मास. एक म्हातारी औषधाच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणं लावते. बारा सेकंद. निवेदन नाही, संगीत नाही.)

(दृश्य: मेस, 1 एप्रिलची सकाळ. काउंटरवर नवी पुस्तकं. जुन्या पुस्तकाला रबर लावून मावशी बाजूला ठेवतात.)

निवेदन: बाईंच्या पॉलिसीतले 26,400 रुपये आज नव्या वर्षाच्या वहीत आले. आधी सुरुवातीची शिल्लक म्हणून, मग रोज 96 रुपयांनी उत्पन्नाकडं सरकत. अजून 275 दिवस.

(मावशी, आतल्या बाजूला ओरडून: "आज किती जणांचं लावू गं?" कूपन फाडल्याचा आवाज.)