क्षेत्रकार्याची वही

पडद्यावर दिसणारी ही वही समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य हा विशेष विषय घेतलेल्या एका विद्यार्थिनीची आहे. डाव्या रकान्यात तिने रुग्णाच्या आईशी झालेला संवाद आठवेल तितका शब्दशः उतरवला आहे, मधल्या रकान्यात त्या त्या क्षणी स्वतःच्या मनात काय आले ते लिहिले आहे आणि उजवीकडे लाल शाईत पर्यवेक्षिकेचे प्रश्न आहेत. 'त्या गप्प झाल्या, तेव्हा तू लगेच औषधांचा विषय का काढलास?' हा त्यांपैकी एक. या लेखनाला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यात ठेवायचा नसतो, म्हणूनच हे पान आपल्याला दाखवता येते.

या शिक्षणाची मुळे पहिल्या महायुद्धाच्या काळात सापडतात. युद्धाच्या मानसिक आघाताने खचलेल्या सैनिकांना मदत करू शकतील असे प्रशिक्षित कार्यकर्ते हवे होते, आणि त्यासाठी १९१८ साली अमेरिकेतील स्मिथ कॉलेजमध्ये मानसोपचार समाजकार्याचे प्रशिक्षण सुरू झाले. बोस्टनच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मेरी जॅरेट आणि डॉ. एर्नेस्ट साउदर्ड यांचा त्यामागे पुढाकार होता. उन्हाळ्यात वर्गातील अध्यापन आणि त्यानंतर काही महिने प्रत्यक्ष काम, अशी त्याची रचना होती. १९२९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनेही मानसिक आरोग्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. पुढे विषयांची यादी वाढत गेली, पण क्षेत्रकार्याशिवाय ही पदवी मिळत नाही, हे आजही कायम आहे.

आता दिसतो आहे तो कुटुंबाचा आलेख, म्हणजे जेनोग्राम. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, आणि वडील व मुलगा यांच्यामधली नागमोडी रेघ म्हणजे त्यांच्यातला संघर्ष. ही रेघ काढायला विद्यार्थिनीला तीन पिढ्यांची माहिती धीराने विचारावी लागली आहे. या रेघेला उपचारात मोठे महत्त्व आहे. जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सतत टीका, वैरभाव किंवा अतिरेकी काळजी असलेल्या घरी परतले, तर त्यांचा आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून येथे कुटुंबाला दोष न देता त्याच्यासोबत काम करणे शिकवले जाते, आणि हे शिकायला वेळ लागतो.

समोरासमोर ठेवलेल्या या दोन खुर्च्यांवर मुलाखतीचा सराव चालू आहे. विद्यार्थिनी विचारते, 'तसले काही विचार मनात येतात का?' पर्यवेक्षिका तिला थांबवते आणि प्रश्न पुन्हा विचारायला लावते, या वेळी 'आत्महत्या' हा शब्द उच्चारून. विचारल्यामुळे तो विचार मनात रुजतो, हा समज संशोधनात टिकलेला नाही. आडवळणाने विचारले, तर उत्तरही आडवळणानेच मिळते. सरावाच्या वेळी चाचरणारा हा आवाज पुढे रुग्णासमोर स्थिर राहावा, यासाठी हा प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतला जातो. सोबतच जोखीम लक्षात आल्यावर कोणाला कळवायचे, रुग्णाला एकटे का सोडायचे नाही आणि गोपनीयतेची मर्यादा कुठे संपते, हेही शिकवले जाते.

कुटुंबाला आजाराची नीट माहिती आणि सातत्याने आधार मिळाला, तर आजार उलटण्याचे आणि रुग्णाला पुन्हा दाखल करावे लागण्याचे प्रमाण घटते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

हे सारे उभे आहे ते वही समोर ठेवून पर्यवेक्षिका आणि विद्यार्थिनी एकत्र बसतात त्या तासावर, आणि वेळापत्रकात सर्वांत आधी कात्री लागते ती याच तासाला. रुग्णालयातील पर्यवेक्षक आपले नेहमीचे काम सांभाळून, बहुधा वेगळ्या मोबदल्याशिवाय, तो देत असतात. प्रवेशाच्या जागा वाढवताना पर्यवेक्षकांची संख्याही त्याच प्रमाणात वाढवली पाहिजे, आणि वही तपासण्याचा हा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत अधिकृतपणे धरला गेला पाहिजे.