मातीत गिरवलेलं वळण

मंडळी, रोमन सैन्याच्या तात्पुरत्या छावण्या हा विषय ऐकूनही तुम्ही एवढ्या संख्येनं आलात, याचा मला मनापासून आनंद आहे. रोम म्हटलं की आपल्याला दगड आठवतो. पण या सैन्याचं बळ कुठून आलं हे कळायचं तर दगड सोडून माती बघावी लागते, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतो आहे.

इंग्लंडमधल्या यॉर्कचंच बघा. इ.स. ७१ च्या सुमारास नवव्या लीजननं तिथे कायमचं ठाणं उभारलं. लीजन म्हणजे साधारण पाच हजार शिपाई, ठाण्याचं क्षेत्र जवळजवळ २० हेक्टर. पुढे २११ मध्ये सम्राट सेव्हेरस याच गावी वारला, ३०६ मध्ये सम्राट कॉन्स्टँटिअस वारला आणि त्याच्या मुलाला, कॉन्स्टंटाइनला, सैन्यानं इथेच सम्राट म्हणून पुकारलं. हे सगळं तिथला वाटाड्या आम्हाला रंगवून सांगत होता. मी विचारलं, "गावाच्या उत्तरेला बूथम स्ट्रेवर सरावाच्या छावण्या आहेत ना? शिपाई छावणी बांधायला शिकायचे, त्या?" तो म्हणाला, तिकडे बघण्यासारखं काही नाही. सगळे हसले. मला ते लागलं, अजून लागतं. ज्या हातांनी ते ठाणं उभं केलं, त्या हातांची तालीम तिथल्या मातीत आहे, आणि तिला 'काही नाही' म्हणायचं?

भाच्याला घेऊन निघालो. स्ट्रे म्हणजे आपलं गायरान, गावाची गुरं चारायची मोकळी जमीन. पाऊस भुरभुरत होता. तासभर हिंडलो, हाती काही लागेना. भाचा म्हणाला, "मामा, गवत बघायला इतक्या लांब आलात?" तेवढ्यात ऊन पडलं, तेही मावळतीचं, तिरपं. गवतावर सावलीची एक बारीक रेघ उठली. गुडघ्याएवढाही नसलेला बांध! त्याच्यावरून चालत गेलो, तर टोकाला पाय आपोआप वळले. काटकोन नाही, छान गोल वळण. रोमन छावणीचे कोपरे पत्त्याच्या पानासारखे गोलच असतात. तिथे मी भाच्याला बसवून घेतलं.

मला आठवले आमचे पहिलीचे गुरुजी. उभी रेघ कोणीही ओढतो, बोट अडतं ते 'ळ'ला. म्हणून गुरुजी पाटीवर 'ळ' काढून द्यायचे आणि बोट दुखेपर्यंत गिरवून घ्यायचे. हाताला वळण लागलं पाहिजे, म्हणायचे. आपल्या भाषेत कोपऱ्यालाही वळण आणि अक्षरालाही वळण, हे किती नेमकं आहे!

पाच मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे. तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

सरळ बांध घालणं सोपं. खंदक खणायचा, माती आतल्या बाजूला टाकायची. कठीण असतो तो कोपरा आणि दरवाजा. काही छावण्यांत दरवाज्याशी बांध आत वळवलेला असतो, म्हणजे शिरणाऱ्याची ढाल नसलेली उजवी बाजू उघडी पडते. वेल्समध्ये लँड्रिंडॉडच्या माळावर, साहाय्यक सैन्याच्या एका किल्ल्याजवळ, अशा १८ छोट्या छावण्या आहेत. काहींची बाजू जेमतेम ३० मीटर. आठ जणांमागे एक चामड्याचा तंबू धरला, तर तिथे किती माणसं मावणार? मुक्कामासाठी त्या नव्हत्याच. सरळ बाजू आखूड आणि कोपरे-दरवाजे मात्र पुरेपूर, कारण तेवढंच घोटायचं होतं. इंग्लंडमधल्या चेस्टरभोवतीच्या अशा छावण्या तर विमानातून सापडल्या. बुजलेल्या खंदकात ओल टिकते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात त्याच्यावरचं पीक हिरवं राहतं.

आणि लांबेसिस! आजच्या अल्जीरियात, तिसऱ्या ऑगस्टा लीजनचं ठाणं. इ.स. १२८ मध्ये सम्राट हेड्रियन स्वतः तिथल्या फौजांची कवायत बघायला गेला. त्याची भाषणं ठाण्याच्या पश्चिमेच्या छावणीत कोरून ठेवली होती. इतरांना कित्येक दिवस लागले असते ते काम तुम्ही एका दिवसात केलंत, अशी एका तुकडीची पाठ त्यानं थोपटली. टणक खडीतून खंदक सरळ खणून त्याच्या बाजू तासून गुळगुळीत केल्या, याचीही त्यानं दखल घेतली. सम्राट खंदकाच्या बाजू बघतो आहे, मंडळी!

मोहिमेवरची छावणी आणि सरावाची छावणी ओळखायची कशी, ते राहूनच गेलं. नकाशे बाहेरच्या टेबलावर मांडले आहेत, मी तिथेच थांबतो. या.