वसंताची चित्रं

नमस्कार श्रोतेहो.

आज एक चित्र तुमच्यासमोर शब्दांनी उभं करायचंय. साल १७८८. जपानमधल्या चहागृहाची माडी, आणि एकमेकांना बिलगलेलं जोडपं. तिची पाठ आपल्याकडे. दिसते ती मानेची गोरी कमान आणि तिच्या केसांखालून डोकावणारा त्याचा एकच डोळा. अंगावर कपडे आहेत. पातळ झुळझुळीत वस्त्रातून पायांची रेघ तेवढी जाणवते. त्याच्या हातातल्या पंख्यावर कविता आहे. शिंपल्यात चोच अडकलेल्या पाणलाव्याला शरदाच्या सांजवेळी उडता येत नाही, असं ती सांगते. शरदाची सांज आणि पाणलावा हे सैग्यो या भिक्षूकवीच्या गंभीर कवितेतले. त्यांना असं शृंगारात ओढल्याची थट्टा जाणकाराला लगेच कळायची.

चित्रकार कितागावा उतामारो. अशा शृंगारिक चित्रांना जपानीत शुंगा म्हणतात, म्हणजे वसंताची चित्रं. वसंत हा मदनाचा सखा, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यांचं दुसरं नाव मला जास्त आवडतं: वाराई-ए, हसण्याची चित्रं. ती जोडप्यानं मिळून पाहायची, मैत्रिणींनी खिदळत चाळायची. पुस्तकं भाड्यानं देणारे फेरीवाले ती पाठीवर लादून घरोघर नेत. गोदामात ठेवली तर आग लागत नाही, अशीही समजूत होती.

सार्वजनिक स्नानगृहातल्या त्या समाजाला उघड्या अंगाचं अप्रूप नव्हतं. म्हणून चित्रकार रमले ते वस्त्रांत. किमोनोचं कापड आणि केसांची ठेवण पाहून बाई व्यापाऱ्याच्या घरची की योशिवारा या वेश्यावस्तीतली, हे ओळखू यायचं. तिथल्या विकल्या गेलेल्या मुलींचं दुःख मात्र या चित्रांत सहसा उतरत नाही. ते मनात ठेवूनच मी ती पाहतो.

१७२२ मध्ये शोगुनशाहीनं, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीनं, अशा पुस्तकांवर बंदी घातली. छपाई थांबली नाही, चोरून होऊ लागली. पुढे १७६५ च्या सुमारास बहुरंगी छपाई रुळली. चेरीच्या लाकडाचा ठसा, प्रत्येक रंगाला वेगळा. कपाळावरचा एकेक केस कोरणारा कारागीर पाहा! उतामारो, होकुसाई, कियोनागा, कुणीही हे काम हलकं मानलं नाही.

लाज आली ती नंतर. १८६८ नंतर, शोगुनशाही जाऊन आलेल्या मेइजी सरकारला पाश्चात्त्यांच्या नजरेत सुसंस्कृत दिसायचं होतं. चित्रं पेट्यांत गेली, जाळलीही गेली. २०१३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं मोठं प्रदर्शन भरवलं, तरी जपानमधली संग्रहालयं ते घ्यायला धजेनात. अखेर २०१५ मध्ये तोक्योतल्या एइसेइ बुंको या लहानशा संग्रहालयानं दार उघडलं. तीन महिन्यांत दोन लाखांहून जास्त लोक आले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या.