दोन मशीनच्या मधली जागा

(बडोद्यात लघुउद्योजक आणि सुपरवायझर मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. तुमच्यातले बरेच जण मकरपुऱ्याहून, काही पोर-रमणगामडीहून, काही वाघोडियाहून, अशा इथल्या औद्योगिक वसाहतींमधून थेट शिफ्ट आटोपून आला आहात, तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. मला बोलायचंय ते अर्धवट झालेल्या मालाबद्दल. कच्चा माल स्टोअरमध्ये असतो आणि रजिस्टरात त्याची नोंद असते. तयार माल डिस्पॅचला लागतो, त्याच्यावर मालकापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचा डोळा असतो. मधला माल मात्र ट्रॉलीत, बिनमध्ये, लेथच्या बाजूला, जिन्याखाली पडलेला असतो. त्याला कुणी वाली नसतो.

सयाजीराव महाराजांनी 1890 साली इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांसारखा माणूस तिच्या प्रमुखपदी बसवला. कारागिराच्या हाताला या गावानं तेव्हापासून मान दिला. आजही मकरपुऱ्यात असे टर्नर आहेत, की त्यांचं काम मायक्रोमीटरनं तपासताना आपल्यालाच संकोच वाटावा. पण माल एका मशीनवरून उतरला की पुढच्या मशीनवर चढेपर्यंत त्याचं काय होतं, हे कुणी बसून शिकवत नाही. आणि मालाचा बहुतेक काळ तर तिथेच जातो.

साधा शाफ्ट घ्या. बार कटिंग, टर्निंग म्हणजे लेथवर कातणं, की-वे मिलिंग म्हणजे चावीची खाच पाडणं, हार्डनिंगसाठी म्हणजे भट्टीत कडक करायला बाहेर, मग ग्राइंडिंग म्हणजे घासून नेमक्या मापाला आणणं, आणि तपासणी. हार्डनिंग सोडलं तर एका नगाला मशीनवर तासभरसुद्धा लागत नाही. तरी ऑर्डर घेताना आपण चार आठवडे मागतो, आणि तेही पुरत नाहीत. बाकी सगळा वेळ तो शाफ्ट नुसता पडून असतो.

पडून असताना तो जसा होता तसा राहत नाही. जुलै-ऑगस्टमधली बडोद्याची हवा तुम्हाला माहीत आहे. टर्निंग होऊन ग्राइंडिंगची वाट बघणाऱ्या शाफ्टवर तेलाचा हात फिरवायचा राहिला, तर थोड्याच दिवसांत तांबूस ठिपके दिसायला लागतात. मग एक हेल्पर बादलीत रॉकेल आणि हातात एमरी पेपर घेऊन बसतो. हे काम कुठल्याच जॉबकार्डावर, म्हणजे मालाबरोबर फिरणाऱ्या कामाच्या कार्डावर, लिहिलेलं नसतं. कार्ड कूलंटनं भिजून चिकटलेलं असतं, हीट नंबर, म्हणजे पोलाद कोणत्या ओतणीतलं त्याचा आकडा, वाचता येत नाही, म्हणून कुणीतरी खडूनं शाफ्टवरच आकडा घालतो आणि रॉकेलनं तोही पुसून जातो.

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. ग्राइंडरवाल्याला तीन आठवड्यांनी कळतं, की टर्निंगमध्ये टेपर आलाय, म्हणजे शाफ्ट एका टोकाला जाड नि दुसऱ्याला बारीक झालाय. तोवर त्याच सेटिंगवर दोनशे नग निघून गेलेले असतात. त्या दिवशी कापायचं कोणतं टोक (इन्सर्ट) होतं, शाफ्टचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक कुणी हलवला होता, हे आता कुणाला आठवणार? तोच माल दुसऱ्या दिवशी ग्राइंडरवर गेला असता तर वीस नगांवर भागलं असतं, आणि कारण त्याच मशीनपाशी उभं राहून सापडलं असतं. मालाचा ढीग दोष झाकतो. मी अर्धवट मालाच्या इतका मागे लागतो त्याचं पहिलं कारण हे आहे. पडून असलेल्या मालात अडकलेल्या बँकेच्या पैशाचं, कॅश क्रेडिटचं व्याज त्याच्यानंतर येतं.

आता थोडं गणित. 1961 साली जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकानं एक नियम सिद्ध केला. आत असलेली कामं भागिले रोज पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे दिवस. तुमच्या फ्लोअरवर 240 जॉबकार्डं उघडी आहेत आणि रोज 8 पूर्ण होतात, तर नव्या कामाला सरासरी 30 दिवस लागणारच. तुम्ही सेल्सवाल्याला 15 दिवसांचा शब्द द्यायला लावलात, तर तो शब्द मोडणार हे त्याच दिवशी ठरलेलं असतं. तारीख खरी करायची तर रोजची आठ आहेत तशी ठेवून आत फक्त 120 कार्डं ठेवा.

त्याच 1961 साली जॉन किंगमन या ब्रिटिश गणितज्ञानं मशीनपुढच्या रांगेचं सूत्र मांडलं. कामं कमी-जास्त वेळाची असतात, अवेळी येतात. अशा नेहमीच्या परिस्थितीत 80 टक्के भरलेल्या मशीनपुढे कामाला स्वतःच्या वेळेच्या साधारण चौपट थांबावं लागतं. मशीन 90 टक्के भरलं की नऊपट, 95 टक्के भरलं की एकोणीसपट. हे आकडे भिंतीवर लावा. कारण आपली सवय नेमकी उलटी आहे. एखादं मशीन रिकामं दिसलं की सुपरवायझर स्टोअरमधून आणखी बार काढून आणतो.

मालकमंडळी म्हणतात, "माणूस रिकामा बसलेला बघवत नाही." मला हे समजतं, कारण पगार तुम्ही देता. पण ग्राइंडर जर अडणारं मशीन असेल, म्हणजे सगळ्या मालाचा वेग त्याच्यावर ठरत असेल, तर ग्राइंडरचा गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा गेलेला तास असतो. लेथचा एक तास रिकामा गेला तर डिस्पॅचमध्ये एकही नग कमी होत नाही. त्या तासात लेथवाल्यानं पुढचं सेटिंग तयार करावं, काम पकडणारे जॉज स्वच्छ करावेत, शेजारचं मिलिंग शिकून घ्यावं. नुसतं पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैसे देऊन, काम करून घेत असाल तर हे होणार नाही, तो जास्तीचे नग काढतच राहणार. त्यात त्याचा दोष नाही. दर तुम्ही तसा ठरवलाय.

म्हणून माझं सगळं म्हणणं एका जागेशी येऊन थांबतं. स्टोअरमधून फ्लोअरवर माल सोडायचा तो दरवाजा. अर्धवट मालावर ताबा तिथेच बसतो. आतमध्ये प्रोग्रेस बघणारा माणूस दिवसभर कितीही पळाला तरी तो फक्त रांगेतली कामं पुढे-मागे करतो. रांग कमी होत नाही.

टोयोटात ताइइची ओहनो यांनी 1950 नंतरच्या काळात कानबान, म्हणजे कार्डानं माल मागवायची पद्धत, बसवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतलं सुपरमार्केट होतं. गिऱ्हाइकानं जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं. पण तिथे तेच-तेच पार्ट रोज लागतात. तुमच्यासारख्या जॉबवर चालणाऱ्या शॉपमध्ये, जिथे आज पंपाचा शाफ्ट आणि उद्या व्हॉल्व्हचं स्पिंडल, तिथे दर दोन मशीनमध्ये कार्डं लावणं मला अव्यवहार्य वाटतं. 1990 साली स्पिअरमन, वुडरफ आणि हॉप यांनी मांडलेली पद्धत इथे जास्त बसते. सगळ्या फ्लोअरसाठी मिळून कार्डांची एकच संख्या ठरवायची. एक काम डिस्पॅचला गेलं, त्याचं कार्ड सुटलं, की एक नवं काम आत. कार्ड नाही तर माल नाही. कामं लहानमोठी असतील तर कार्डं मोजण्याऐवजी ग्राइंडरचे तास मोजा, म्हणजे आठ तासांचं काम आणि अर्ध्या तासाचं काम सारखं धरलं जाणार नाही.

सुरुवातीला संख्या आजच्यापेक्षा थोडीच कमी ठेवा आणि हळूहळू उतरवत न्या. ग्राइंडर उपाशी राहायला लागला की थांबा, एक पायरी वर चढा. त्याच्यापुढे थोडा माल कायम हवा, कारण तोच अडणारा आहे. इतर मशीनपुढे जमिनीवर पिवळे चौकोन आखा. चौकोन भरला की मागच्यानं थांबायचं. हे ईआरपीत, म्हणजे कंप्युटरवरच्या नोंदींत, बघू म्हणाल, तर रात्रपाळीची नोंद दुपारी होते तिथे स्क्रीनपेक्षा चौकोन खरा बोलतो.

बॅचचंही बघा. 50 नगांची बॅच, चार ऑपरेशन, दर ऑपरेशनला एका नगामागे 6 मिनिटं. सगळी बॅच झाल्यावरच पुढे ढकलली तर 1200 मिनिटं, म्हणजे 20 तास. दर 10 नग झाले की ट्रॉली पुढे सरकवली तर तेच काम 480 मिनिटांत, 8 तासांत होतं. सेटिंग तेवढंच, माणसं तेवढीच. फक्त ट्रॉली जास्त वेळा ढकलावी लागते. यात खर्च नाही, तेव्हा हे उद्यापासून करता येईल.

अर्जंटचं काय, असा प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला. अर्जंट कामं येणारच. लाल कार्ड एकच ठेवा आणि ते मालकाच्या किंवा प्लँट हेडच्याच हातात असू द्या. लाल काम आत शिरलं की सुरू न झालेलं एक काम त्याच दिवशी स्टोअरला परत जायला हवं. नाहीतर महिनाअखेरीपर्यंत सगळीच कार्डं लाल होतात.

आणि शेवटचा मुद्दा, जो बहुतेकांच्या मोजणीतून सुटतो. हार्डनिंगला, प्लेटिंगला चलनावर (माल पाठवल्याच्या कागदावर) बाहेर गेलेला माल हाही तुमचाच अर्धवट माल आहे. जीएसटीत तो परत आणायला एक वर्षाची मुदत आहे, म्हणून आपण निवांत असतो. मुदत सरकारी हिशेबाची आहे, गिऱ्हाइकाची नाही. बाहेर गेलेल्या कामांची कार्डं वेगळ्या फळीवर टांगा, प्रत्येकावर गेल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, आणि ठरलेल्या संख्येत ती धरा. बाहेरचं हे काम करून देणाऱ्या जॉबवर्करकडे तुमचे ढीग साचलेत असं दिसलं तर त्याला फोन करून ओरडण्याआधी इकडून पाठवणं थांबवा. त्याच्या भट्टीपुढेही रांग असते, आणि तिलाही तोच हिशेब लागू आहे.