वीस पोत्यांचा फरक

[शेडच्या दारात टेम्पो. पिल्लांच्या पेट्या उतरतात.]

नाशिक जिल्ह्यातलं हे पोल्ट्री शेड. पाच हजार पक्ष्यांचं. पेटीतून बाहेर पडणारी पिल्लं कालच अंडं फोडून आलीत, वजन जेमतेम ४० ग्रॅम. पाच-सहा आठवड्यांत यांना दोन किलो व्हायचंय.

खाली भाताच्या तुसाची गादी, तिच्यावर वर्तमानपत्रं, आणि बातम्यांवर पसरलेला खाद्याचा चुरा. खाद्याची भांडी शेजारीच आहेत, पण पहिल्या दिवशी पिल्लाला खाणं पायाखाली मिळावं लागतं. कागदावर चोच आपटली की टकटक होते. ती ऐकून शेजारची चार पिल्लं धावत येतात. बघा, आलीच.

शेडच्या ताई एकेक पिल्लू उचलून गळ्याखाली बोटाने चाचपतायत. तिथली पिशवी भरलेली आणि मऊ लागली तर खाणं-पाणी दोन्ही पोटात गेलं. कडक लागली तर पाणी मिळालेलं नाही. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारा हीटर. त्याच्याखाली तापमान ३२-३३ अंश हवं. पिल्लू गारठलं की खाल्लेलं सगळं ऊब धरण्यातच खर्च होतं, अंगी काही लागत नाही.

[फीड मिल. मक्याचे ढीग.]

पोल्ट्रीवाले एकमेकांना भेटले की एकच प्रश्न: एफसीआर किती पडला? म्हणजे किलोभर वजन वाढायला खाद्य किती किलो लागलं. या शेडचा हिशेब मांडू. पाच हजार पक्षी, दोन किलोचे, म्हणजे दहा हजार किलो. एफसीआर १.७ पडला तर खाद्य १७ टन. १.६ पडला तर १६ टन. मधला टन म्हणजे ५० किलोची २० पोती. आणि पोल्ट्रीच्या एकूण खर्चात दोन तृतीयांशाच्या आसपास खाद्यच असतं.

त्या पोत्यात निम्म्याहून जास्त मका, उरलेल्यात मोठा वाटा सोयापेंडीचा. मका उतरवण्याआधी पोत्यात नळी खुपसून नमुना काढतात, ओलावा मोजतात. १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीची भीती. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीचं यकृत खातं. मग कितीही चारा, वजन भरत नाही.

आता हॅमर मिल. धूळ एवढी की कॅमेऱ्याची काच दोनदा पुसावी लागली. इथे मका भरडला जातो, मिक्सरमध्ये पेंड मिसळते, आणि मग ही छोटी पिशवी उघडते. पिशवीत फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे.

मक्यात, सोयात फॉस्फरस भरपूर, पण त्यातला बराचसा फायटेटच्या रूपात बांधलेला. कोंबडीला आणि डुकराला तो नीट सोडवता येत नाही. म्हणून वरून खनिज फॉस्फेट घालायचं आणि दाण्यातला फॉस्फरस विष्ठेतून वाया घालवायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. नेदरलँड्समध्ये डुकरांच्या खताचा फॉस्फरस पाण्यात उतरायला लागला, सरकारने निर्बंध आणले, आणि १९९१मध्ये सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं फायटेज तिथे बाजारात आलं. दाण्यातला फॉस्फरस ते पोटातच मोकळा करतं. खाद्याच्या गोळ्या बनवताना वाफ देतात, तिच्यात ते निकामी होऊ शकतं, म्हणून कुणी उष्णता सोसणारं वापरतं, कुणी गोळी थंड झाल्यावर फवारतं.

लायसिन आणि मेथिओनिन ही दुसरी पिशवी. ही दोन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, वेगळी घातली की सोयापेंड थोडी कमी चालते. जादा प्रथिनं अंगात साठत नाहीत. युरिक आम्ल होऊन गादीत पडतात आणि त्याचाच अमोनिया होतो. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात ते त्यानेच.

[पुन्हा शेड. पक्षी चौथ्या आठवड्यात.]

आमच्या मते खरी बचत इथे होते, दोरीच्या गाठीत. ताई दर दोन-चार दिवसांनी फीडर, म्हणजे खाद्याचं टांगलेलं भांडं, दोरीने वर ओढतात. कडा पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत हवी. खाली राहिली तर पक्षी उकरून सांडतो, आणि गादीत सांडलेला दाणा पक्ष्याच्या पोटात न जाता एफसीआरमध्ये मोजला जातो. भांडंही काठोकाठ भरायचं नाही, तिसरा हिस्सा पुरे. पाण्याच्या नळीची तोटी, निपल, गळत असेल तर गादी ओली, ओल्या गादीत अमोनिया, मग खाणं मंदावतं.

उन्हाळ्यात दुपारी फीडर उचलून ठेवतात. पचनाची उष्णता आणि बाहेरचं ऊन एकदम सोसत नाही. पहाटे आणि संध्याकाळी पोटभर.

इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली, भाव चढले. २०२१मध्ये तर सोयापेंडीच्या टंचाईत केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाची) सोयापेंड आयातीला परवानगी दिली होती. कंपनीशी करार करून पक्षी वाढवले, तर पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. एफसीआर सुधारला की कंपनी शेतकऱ्याला देते तो संगोपनाचा दर किलोमागे थोडा वाढतो.

[रात्र. गाडीत क्रेट चढतायत.]

पक्षी रात्री उचलतात, अंधारात ते शांत असतात. सकाळी गादी उकरून ट्रॉलीत भरली, कोंबडखत शेजारच्या द्राक्षबागेत गेलं. खताचे पैसे शेतकऱ्याचे, त्यात कंपनी नाही.